पहाऱ्यावरची माणसे : मुंबईच्या बचावपटूंचा एक इतिहास

फुटबॉलच्या इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे राहतात, गोल होऊ न देणाऱ्यांची फारशी राहत नाहीत. वर्तमानपत्रातील निकालाच्या ओळीत गोल करणाऱ्याचे नाव मिनिटासह छापले जाते. ज्याने शत्रुपक्षाचा धोकादायक चेंडू दहा वेळा अडवला, त्याच्यासाठी त्या ओळीत जागाच नसते. बचावपटूचे यश म्हणजे काही न घडणे, आणि जे घडले नाही त्याची नोंद ठेवणे इतिहासकारांना सहसा जमत नाही. बचावपटूचे नाव ठळक होते ते बहुधा त्याच्या हातून चूक झाल्यावर, अथवा आपली जागा सोडून त्याने स्वतःच एखादा गोल केल्यावर.

या लेखात आम्ही अशा काही माणसांची नोंद घेऊ इच्छितो. ती मुंबईच्या मैदानांवर वाढली अथवा तेथे नावारूपाला आली. त्यांतील काही आपल्या ख्रिस्ती समाजातील आहेत, काही नाहीत. परंतु त्यांच्या आयुष्यक्रमातून एक प्रश्न पुढे येतो आणि तो आज धर्मग्रामातील अनेक कुटुंबांच्या घरात विचारला जातो : खेळणे हा चरितार्थ होऊ शकतो काय? आणि झाल्यास त्या चरितार्थाची हमी कोण देतो?

चेंडू कोणत्या वाटेने आला

आमचे वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील गाव. मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला जाणारा महामार्ग या गावावरून जातो. भारतीय फुटबॉलची दोन मोठी शहरे या रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. पण मधल्या वऱ्हाडात हा खेळ फारसा रुजला नाही. येथे कुस्ती, कबड्डी आणि खो-खो यांचेच राज्य राहिले. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांना जी शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा ठसा साऱ्या विदर्भावर आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती.

असे का झाले, हे पाहिले म्हणजे फुटबॉलच्या प्रसाराचे रहस्य उलगडते. हा खेळ आपल्या देशात प्रामुख्याने तीन वाटांनी आला : लष्करी छावण्या, बंदरे व रेल्वे, आणि मिशनरी शाळा. विदर्भात नागपूरजवळच्या कामठीला छावणी होती आणि तेथे फुटबॉल रुजला. बुलढाण्याच्या कापूस पिकवणाऱ्या गावांत या तिन्ही वाटा क्षीण होत्या.

गोव्यात मात्र या खेळाचे बीज धर्मगुरूच्या हातून पडले. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे इंग्रज धर्मगुरू बार्देशातील शिवोली येथे आले. मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून त्यांनी हा खेळ शिकवला, अशी गोव्याच्या फुटबॉलच्या इतिहासातील सर्वमान्य नोंद आहे. पोर्तुगीज सत्तेखालील प्रदेशात इंग्रजांचा खेळ एका पाद्रीसाहेबांनी आणावा, ही इतिहासाची गंमतच होय. पुढे चर्चसमोरचे पटांगण, सणाच्या दिवसाचा सामना आणि गावागावांतील चुरस या मार्गाने फुटबॉल गोव्याच्या लोकजीवनाचा भाग झाला.

मुंबईत या खेळाचा आरंभ लष्कराने केला. १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवला. १९०२ साली हारवूड लीग सुरू झाली आणि १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. रोव्हर्स चषकावर पहिल्या भारतीय संघाचे नाव कोरले जायला १९३७ साल उजाडावे लागले. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. या साऱ्या घडामोडींचे केंद्र म्हणजे दक्षिण मुंबईतील कूपरेजचे मैदान.

कुडी आणि कंपन्या

गोव्याचा चेंडू आणि मुंबईचे मैदान यांची गाठ पडली ती पोटासाठी केलेल्या स्थलांतरातून. बोटीवर नोकरी करणारे खलाशी, आचारी, वाजंत्री, शिंपी आणि कारकून असे हजारो गोवेकर मुंबईस आले. त्यांच्यासाठी धोबीतलाव, माझगाव आदी भागांत कुडी उभ्या राहिल्या. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी चालवलेले वसतिगृह. अत्यल्प भाड्यात एक ट्रंक ठेवण्यापुरती आणि रात्री अंग टाकण्यापुरती जागा तेथे मिळे. भिंतीशी गावच्या आश्रयदाता संताची वेदी असे आणि संध्याकाळी माळेची प्रार्थना होई. आपल्या गावापासून दूर असलेल्या माणसाला गावाचे नियम, गावचा सण आणि गावचा अभिमान या कुडीने परत दिला. ज्या समाजाच्या अंगात फुटबॉल होता, तो समाज आपल्यासोबत तो खेळही मुंबईला घेऊन आला.

दुसरीकडे मुंबईच्या मोठ्या उद्योगांना आपले संघ असणे प्रतिष्ठेचे वाटू लागले होते. टाटा, कॅल्टेक्स, पश्चिम रेल्वे, मफतलाल, महिंद्र अशी नावे कूपरेजच्या फलकावर झळकू लागली. त्या काळी भारतीय फुटबॉल कागदोपत्री हौशी होता. खेळाडूस खेळण्याचा पगार नसे, पण नोकरी असे. सकाळी सराव, मग कचेरीत हजेरी आणि सामन्याच्या दिवशी दुपारची सुट्टी, असा सर्वसाधारण क्रम असे. पायांतील जोर ओसरल्यावर बूट खुंटीला टांगून तोच माणूस त्याच कचेरीत निवृत्तीपर्यंत काम करी. मुंबईत येणाऱ्या गरीब घरच्या मुलाला कंपनीचा संघ म्हणजे चाळीतील खोलीचे भाडे, भावंडांची फी आणि म्हातारपणीचा निर्वाहनिधी होता. या व्यवस्थेला व्यावसायिक फुटबॉल म्हणावे की नाही, यावर वाद होऊ शकेल. परंतु तिने शेकडो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, यावर वाद नाही.

या व्यवस्थेची फळेही दिसली. १९५४ च्या संतोष ट्रॉफीत मुंबईने सेनादलाला हरवून अजिंक्यपद मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट-ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. नेव्हिल आघाडीवीर होते, म्हणून त्यांचे नाव राहिले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांकडे आता वळू.

कोलवाळचा मुलगा

फॉर्च्युनातो फ्रँको यांचा जन्म बार्देशातील कोलवाळ या गावचा. लहानपणीच ते मुंबईस आले आणि येथील मैदानांवर घडले. पुढे टाटांच्या संघाचे खेळाडू म्हणून ते नावारूपाला आले. त्यांची जागा हाफ-बॅकची. आजच्या तरुण वाचकांसाठी ही जागा थोडी उलगडून सांगितली पाहिजे.

त्या वेळच्या जुन्या रचनेत गोलरक्षकापुढे दोन फुल-बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीवीर असत. हाफ-बॅक हा घराच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस. शत्रू आत येऊ लागला की त्याने मागे धावून फुल-बॅकच्या मदतीला जायचे, चेंडू हिसकावून घ्यायचा आणि लगेच तो आघाडीवीराच्या पायाशी पोहोचवायचा. आघाडीवीर संपूर्ण सामन्यात चारदोन वेळा चमकला तरी त्याचे काम झाले. हाफ-बॅकला मात्र अखंड धावावे लागे आणि त्याच्या धावण्याचा हिशेब कोणी ठेवत नसे.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या भारतीय चमूत फ्रँको होते. तेथे त्यांना मैदानावर उतरण्याची संधी मिळाली नाही. परंतु या निवडीत एक ऐतिहासिक अर्थ दडलेला आहे. त्या वर्षी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. ज्या गावात फ्रँको जन्मले, त्या गावावर परक्यांचे निशाण फडकत असताना ते भारताचा पोशाख घालून रोमला गेले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत फ्रँको जाकार्तात भारतासाठी सुवर्णपदकाचा सामना खेळत होते. गोव्याच्या भारतीयत्वाविषयी राजनैतिक व्यासपीठांवर बरीच चर्चा झाली. मुंबईत घाम गाळणाऱ्या गोवेकराने ती चर्चा आपल्यापुरती आधीच मिटवून टाकली होती.

इरिंजालकुड्याहून कूपरेजला

त्याच संघातील दुसरा मुंबईकर म्हणजे ओ. चंद्रशेखर. हे मूळचे केरळातील इरिंजालकुड्याचे. मुंबईत ते कॅल्टेक्सच्या संघात आले आणि भारताचे भरवशाचे फुल-बॅक झाले. फुल-बॅक म्हणजे गोलरक्षकापूर्वीची शेवटची भिंत. रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरी, फ्रान्स आणि पेरू अशा तगड्या संघांशी भारताची गाठ पडली. हंगेरीकडून भारत २-१ असा हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूने ३-१ असे हरवले. निकाल पराभवाचे असले तरी हंगेरी आणि फ्रान्ससारख्या संघांना इतके कमी गोल करू देणारा बचाव कच्चा नव्हता. आठच वर्षांपूर्वी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, आपले बहुसंख्य खेळाडू अनवाणी खेळले होते आणि युगोस्लाव्हियाने भारतावर १० गोल चढवले होते. या दोन निकालांमधील अंतर हे आघाडीवीरांइतकेच बचावपटूंनीही कापलेले अंतर होते.

या प्रगतीचे शिल्पकार होते हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शिक्षक. खेळाडूंची मांडणी बदलून मागची फळी भक्कम करण्यावर त्यांचा भर होता. जगात ब्राझीलने ४-२-४ ही रचना गाजवली, त्याच सुमारास रहीमसाहेब भारतीय संघाला त्या दिशेने नेत होते.

जाकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धेची कथा अनेक वेळा सांगितली गेली आहे. आम्ही ती मागच्या फळीच्या बाजूने सांगतो.

इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडास्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरु दत्त सोंधी यांनी त्यास हरकत घेतली. त्यामुळे जाकार्तात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली आणि भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आपल्या खेळाडूंना बसमधून जाताना खाली वाकून बसावे लागे.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यानंतर थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावाचा कणा असलेले जर्नैल सिंग यांच्या कपाळाला खोल जखम होऊन टाके पडले. पुढे जपानला भारताने २-० असे नमवले. उपांत्य सामन्याच्या वेळी रहीमसाहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला. टाके पडलेल्या जर्नैल यांना मागे ठेवण्याऐवजी त्यांनी आघाडीवर पाठवले. महाविद्यालयीन काळात जर्नैल तेथे खेळलेले होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारताने दोन गोलांची आघाडी घेतली, ती गमावली आणि अखेर चुनी गोस्वामी यांच्या गोलाने ३-२ असा सामना जिंकला.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. प्रेक्षकांची संख्या लाखाच्या घरात होती आणि ते जवळजवळ सर्व भारताविरुद्ध ओरडत होते. आपल्या राष्ट्रगीताच्या वेळीही गोंगाट थांबला नाही. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघाने मात्र भारताला प्रोत्साहन दिले, अशी आठवण त्या संघातील खेळाडूंनी सांगितली आहे. आजारातून उठलेले पीटर थंगराज गोलात उभे होते. त्यांच्यापुढे चंद्रशेखर, अरुण घोष आणि त्रिलोक सिंग, त्यांच्यापुढे फ्रँको आणि प्रशांत सिन्हा, अशी मागची रचना होती. जर्नैल पुढे गेल्यामुळे मागे पडलेली पोकळी याच पाच जणांना भरून काढायची होती.

सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. तीन मिनिटांनी फ्रँको यांनी घेतलेल्या फ्री-किकवर जर्नैल यांनी टाके पडलेल्या त्याच डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. विसाव्या मिनिटाला भारत २-० असा पुढे होता. यानंतर उरली होती सत्तर मिनिटे. इतिहासाच्या पुस्तकात ती सत्तर मिनिटे एका वाक्यात संपतात. वस्तुतः सुवर्णपदक मिळवले ते या सत्तर मिनिटांनी. पहिल्या सामन्यात ज्या संघाने आपल्यावर दोन गोल केले होते, त्याच संघाला आपल्या बचावाने पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एकही गोल करू दिला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत कोरियाने एक गोल केला, पण दुसरा होऊ शकला नाही. भारत २-१ असा जिंकला. १९५१ साली दिल्लीत शैलेन मन्ना या बचावपटूच्या नेतृत्वाखाली मिळालेल्या सुवर्णपदकानंतरचे हे आपले दुसरे सुवर्णपदक. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला मिळालेले नाही.

जर्नैल यांचा गोल सर्वांच्या ध्यानात आहे, फ्रँको यांची फ्री-किक काहींच्या. चंद्रशेखर यांनी त्या दुपारी किती चेंडू अडवले, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही. रहीमसाहेब तेव्हाच कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

पदकानंतर

१९६३-६४ च्या मोसमात महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली. अंतिम सामन्यात आंध्र प्रदेशाचा १-० असा पराभव झाला. एका गोलाने जिंकलेला अंतिम सामना हा बचावाच्या कर्तृत्वाचा पुरावाच असतो. १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. त्या संघात चंद्रशेखर होते. पुढे ते केरळात परतून स्टेट बँकेच्या संघात गेले. फ्रँको उत्तरायुष्यात गोव्यात स्थायिक झाले.

१९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. जाकार्ताच्या संघातील बॅनर्जी, बलराम, गोस्वामी, जर्नैल सिंग, अरुण घोष, युसूफ खान आणि थंगराज यांना पुढील काही वर्षांत तो सन्मान मिळाला. फ्रँको आणि चंद्रशेखर यांची नावे त्या यादीत कधीच आली नाहीत. यात कोणाचा हेतुपुरस्सर दोष होता असे आम्ही म्हणत नाही. घोष आणि जर्नैल हेही बचावपटूच होते, तेव्हा बचावपटूंना सरसकट डावलले असेही म्हणता येणार नाही. पण त्या काळी कोलकात्याचे मैदान आणि तेथील वृत्तपत्रे यांचा दबदबा मोठा होता. तेथील क्लबांत न खेळणाऱ्या, गोल न करणाऱ्या आणि स्वतःविषयी फारसे न बोलणाऱ्या माणसाकडे दृष्टी वळणे अवघडच होते.

नंतर आले २०२१ साल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने घराघरांत भीती पसरलेली असताना १० मे रोजी फ्रँको यांचे गोव्यात निधन झाले. ५ ऑगस्टला एस. एस. नारायण गेले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेले हे गोलरक्षक मेलबर्न आणि रोम या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये भारताच्या चमूत होते. २४ ऑगस्टला चंद्रशेखर गेले. चार महिन्यांच्या आत मुंबईच्या त्या जुन्या बचावाचे तीन मोहरे काळाच्या पडद्याआड गेले. पाच-सहा दशके एकमेकांपासून दूर, आपापल्या घरी, शांतपणे जगलेली ही माणसे जणू एकाच हाकेला ओ देऊन निघाली. त्या दिवसांत अंत्ययात्रेला गर्दी करण्याचीही मुभा नव्हती. सामन्याला लाखाची गर्दी आणि अखेरच्या प्रवासाला मोजकी माणसे, असे त्यांच्या पिढीतील अनेकांच्या वाट्याला आले.

नोकरी जाऊन करार आला

कंपन्यांच्या संघांचे युग हळूहळू ओसरले. कॅल्टेक्सचे १९७० च्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि खेळाडू उघडपणे व्यावसायिक झाला. रोव्हर्स चषक २००० च्या सुमारास बंद पडला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली. तेव्हा या संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. ते स्वतः साळगावकर संघाचे आणि भारताचे बचावपटू राहिले होते. अजिंक्यपदानंतर चारच वर्षांनी, २०१० साली, महिंद्र संघ विसर्जित करण्यात आला. गोव्यातील धेंपो संघाने समीर नाईक यांच्यासारख्या बचावपटूंच्या आधारावर पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. पण २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले.

या नव्या युगातील बचावपटूचे आयुष्य कसे असते, हे मुंबईच्या राहुल भेके यांच्या वाटचालीवरून दिसते. १९९० साली जन्मलेला हा मराठी खेळाडू मुंबईच्या क्लबांतून पुढे आला. नंतर कोलकात्याचा ईस्ट बंगाल, काही काळ केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटी, मग बंगळुरू एफसी, पुढे मुंबई सिटी आणि २०२४ साली पुन्हा बंगळुरू, असा त्यांचा प्रवास आहे. फ्रँको यांच्या पिढीत एक नोकरी म्हणजे आयुष्यभराचे ठिकाण असे. भेके यांच्या पिढीत दर दोन-तीन वर्षांनी शहर, भाषा आणि घर बदलते.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. बंगळुरू आणि गोवा यांच्यात नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. वाढीव वेळेतील ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर भेके यांनी डोक्याने गोल केला आणि बंगळुरू विजेता ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडमधील किंग्ज कपमध्ये त्यांना भारतीय संघात पहिली संधी मिळाली. ११ एप्रिल २०२२ रोजी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असे हरवले. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय, आणि निर्णायक गोल पुन्हा भेके यांच्या डोक्याचा. ४ मे २०२४ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक उंचावला.

जर्नैल यांच्याप्रमाणेच भेके यांचेही नाव गोलांमुळे लोकांच्या तोंडी आले. ११७ मिनिटे गोव्याच्या आघाडीवीरांना थोपवणारा तोच माणूस होता, हे मात्र मागाहून सांगावे लागते. साठ वर्षांत पगार बदलले, मैदाने बदलली, दूरचित्रवाणी आली. बचावपटूला ओळख मिळण्याची रीत मात्र बदललेली नाही.

पैशाचे गणितही दिसते तितके सोपे नाही. नव्या लीगमध्ये चांगला बचावपटू काही वर्षांत जे कमावतो, ते जुन्या पिढीला आयुष्यभरात मिळाले नसेल. परंतु करार संपला, गुडघा निखळला किंवा क्लबच बंद झाला, तर मागे कचेरीतील खुर्ची नसते. २०२५ च्या जुलै महिन्यात इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम स्थगित ठेवण्यात आल्याचे क्लबांना कळवण्यात आले. महासंघ आणि लीगचे व्यवस्थापन यांच्यातील व्यापारी कराराचा प्रश्न सुटलेला नव्हता. ज्यांचा त्या वादाशी संबंध नव्हता अशा खेळाडूंचे वेतन त्यामुळे टांगणीला लागले. कंपनीच्या कारकुनावर अशी वेळ सहसा आली नसती.

आपल्यासाठी

तेव्हा मुलाने खेळावे की नाही? फुटबॉल हा चरितार्थ होऊ शकतो, पण तो चरितार्थ अल्पायुषी आहे, असे हा इतिहास सांगतो. साधारणतः पस्तिशीच्या आसपास बचावपटूची कारकीर्द मावळू लागते, आणि पुढे तितकीच वर्षे जगायची असतात. डेरिक परेरांप्रमाणे प्रशिक्षक होण्याची वाट थोड्यांनाच लाभते. म्हणून ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी या मार्गाने जाऊ पाहते, त्या घराने शिक्षणाची दोरी सोडू नये. त्याच वेळी खेळाकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहणेही अन्यायाचे होईल. शिवोलीत फादर लायन्स यांनी चेंडू आणला तो मुलांना श्रीमंत करण्यासाठी नव्हे, तर शिस्त, सोबत आणि पराभव पचवण्याची ताकद देण्यासाठी. हा लाभ नांदुरा तालुक्यातील मुलालाही मिळू शकतो; त्यासाठी कूपरेजची गरज नाही, चर्चपुढील अथवा शाळेमागील सपाट जागा पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शरीराच्या अवयवांचा दाखला दिला आहे. जे अवयव दुर्बल अथवा कमी मानाचे वाटतात, त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही, हा त्याचा आशय आपण अनेकदा उपदेशातून ऐकला आहे. प्रत्येक धर्मग्रामात फ्रँको आणि चंद्रशेखर यांच्या जातीची माणसे असतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बहीण, भांडणे पेटण्याआधी मिटवणारा वडीलधारा, तरुणांना व्यसनापासून अडवणारा शिक्षक, हे सारे बचावफळीतील लोक होत. त्यांच्यामुळे जे अनर्थ टळले, त्यांची बातमी होत नाही.

आपल्या चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत राजाचे आणि मजुराचे नाव एकाच शाईने, एकाच आकारात लिहिले जाते. खेळाच्या इतिहासाने ही रीत अजून शिकलेली नाही. ती शिकेपर्यंत निदान आपल्या समाजाच्या नियतकालिकांनी अशी नावे लिहून ठेवावीत. कोलवाळचे फॉर्च्युनातो फ्रँको, इरिंजालकुड्याचे ओ. चंद्रशेखर, मुंबईचे एस. एस. नारायण : ४ सप्टेंबर १९६२ च्या दुपारी यांपैकी दोघे मैदानावर होते, आणि सत्तर मिनिटे भारताची आघाडी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह राखली. एवढी नोंद त्यांच्या नावापुढे असलीच पाहिजे.